तोंड सारखे, तारा वेगळ्या

बासी ईदच्या दिवशी आम्ही सहकुटुंब भाचीकडे कुरुळीला गेलो होतो. मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली की पुणे-नाशिक महामार्गावर चिंबळी फाटा लागतो आणि पुढे कुरुळी. गाव खेड तालुक्यातले, पण आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पुरते मिसळून गेलेले. कारखाने, गोदामे, मालाच्या गाड्या आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. भाचीचे बिऱ्हाडही अशाच दोन खोल्यांत आहे. जावई निघोज्याच्या बाजूला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर सेटर आहेत.

शीरखुर्म्याची वाटी हातात देतानाच भाचीचा चेहरा उतरलेला दिसला. तिच्या मुमानीने तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले.

भाचीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. कॅडवर ड्रॉइंग काढण्यात तिचा हात चांगला. बाळ झाल्यावर नोकरी सुटली. आता ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याने निरोप दिला होता की, आठ दिवसांत सहा ड्रॉइंग करून द्या, जमले तर दर महिन्याला घरबसल्या काम देतो. घरात एक जुना घेतलेला लॅपटॉप होता, चौदा इंची. त्यावर फिक्स्चरचे ड्रॉइंग उघडले की मापांचे आकडे मुंगीएवढे दिसत. म्हणून दोघांनी साठवलेल्या पैशांतून कुठल्याशा कार्यालयातून निघालेला चोवीस इंची मॉनिटर घेतला. लॅपटॉपला टाइप-सी, मॉनिटरलाही मागे टाइप-सी. फोनची केबल दोन्हीकडे बरोबर बसली. पण मॉनिटरवर एकच वाक्य येई : सिग्नल नाही.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा-सुलटा पाहिला आणि सांगितले, पोर्ट गेले आहे, मदरबोर्ड काढावा लागेल, साडेसहा हजार होतील. आठापैकी चार दिवस गेले होते.

"कानातले मोडते, मामू," भाची म्हणाली. "काम मिळालं तर पुन्हा करता येतील."

एवढ्यात जावई बाळाला खांद्यावर घेऊन आतून आले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"याच पोर्टातून लॅपटॉप चार्ज होतो ना?"

"होतो."

"पेनड्राइव्ह चालतो?"

"चालतो."

"मग पोर्ट मेलं कसं म्हणायचं? मला तर केबलचाच संशय येतोय."

मशीनवरचा अनुभव

जावयांनी मग आम्हाला त्यांच्या कामावरची गोष्ट सांगितली. जुन्या सीएनसी मशीनमध्ये संगणकावरून प्रोग्राम पाठवायला आजही पुष्कळ ठिकाणी आरएस-२३२ नावाची जोडणी वापरतात. हे मानक १९६० सालचे, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधीचे. संगणकाकडे तिचे नऊ पिनांचे तोंड असते. त्यातली एक तार माहिती पाठवण्याची, एक घेण्याची. एका प्रकारच्या केबलमध्ये दुसरी पिन दुसरीला आणि तिसरी तिसरीला जोडलेली असते. दुसऱ्या प्रकारात ती अदलाबदल केलेली असते, दुसरी तिसरीला आणि तिसरी दुसरीला. बाहेरून पाहिले तर दोन्ही केबली जुळ्या बहिणी. पण चुकीची लावली तर दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलू पाहतात आणि ऐकणारा कोणीच नसतो. मशीन गप्प बसते.

"नवा मुलगा आला की तो आधी मशीनलाच नावं ठेवतो," जावई म्हणाले. "आम्ही आधी केबल बदलून बघतो. तोंड सारखं असलं म्हणून तारा सारख्या नसतात, मामू."

शेजारच्या इमारतीत त्यांचे एक सहकारी राहतात. त्यांच्याकडे मॉनिटरसाठीच घेतलेली टाइप-सी केबल होती. ती आणली. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट होते. त्यांतल्या एकाशेजारी इंग्रजी डीच्या पोटात पी बसवल्यासारखी बारीक खूण होती, दुसऱ्याशेजारी नव्हती. भाचीने आजवर बिनखुणेच्याच पोर्टात केबल लावली होती, कारण ते हाताशी होते. खुणेच्या पोर्टात नवी केबल लावली आणि दोन-तीन सेकंदांत चोवीस इंची पडदा उजळला. इतकेच नव्हे, त्याच केबलमधून मॉनिटर लॅपटॉपला चार्जही करू लागला.

भाचीने कानातल्यांची डबी उचलली आणि काही न बोलता कपाटात ठेवून दिली.

वाचकहो, साडेसहा हजारांचे काम नऊशे रुपयांच्या केबलवर भागले, ही झाली एका घरची गोष्ट. पण असा प्रसंग आज कोणत्याही घरात येऊ शकतो. मुलांच्या अभ्यासाला लॅपटॉप येतो, लग्नाचे फोटो ठेवायला हार्ड डिस्क येते, टीव्हीला संगणक जोडायचा असतो. म्हणून या केबलींच्या आत काय असते, ते आम्ही या निमित्ताने समजून घेतले. तेच येथे मांडत आहोत.

एका तोंडात चोवीस संपर्क

पूर्वी प्रत्येक कामाला वेगळे तोंड होते. मॉनिटरसाठी १९८७ साली आयबीएमने आणलेले पंधरा पिनांचे व्हीजीए, प्रिंटरसाठी रुंद पॅरलल पोर्ट, कीबोर्ड आणि माऊससाठी गोल, जांभळे आणि हिरवे. गैरसोय खूप होती, पण एक सोय होती. चुकीची वायर चुकीच्या जागी सहसा बसत नसे.

हा गुंता सोडवण्यासाठी सात कंपन्या १९९४ मध्ये एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. भट्ट मूळचे बडोद्याचे. संगणकाला साधा प्रिंटर जोडतानाही सामान्य माणसाची किती दमछाक होते हे पाहून, कुणालाही जोडता येईल असे एकच तोंड हवे, असा ध्यास त्यांनी घेतला. या शोधाबद्दल त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ मध्ये युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला. यूएसबी पहिल्या वेळी कधी सरळ बसत नाही, उलटी करावी लागते, ही तक्रार आपण सगळेच करतो. भट्ट यांनी याचेही उत्तर दिले आहे. दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड केले असते तर तारा आणि सर्किट दुप्पट लागले असते आणि खर्चही वाढला असता. तेव्हा स्वस्ताई महत्त्वाची होती, म्हणजे सगळे ते स्वीकारतील.

दोन्ही बाजूंनी बसणारे तोंड अखेर २०१४ मध्ये आले. तेच टाइप-सी. त्यात वर बारा आणि खाली बारा असे चोवीस संपर्क असतात. काही वीज नेण्यासाठी, दोन ओळख पटवण्यासाठी, काही यूएसबी २.० च्या जुन्या, संथ वाटेसाठी आणि बाकीचे मुख्यतः चार वेगवान जोड्यांसाठी.

येथेच मेख आहे. तोंडात चोवीस संपर्क असले तरी केबलमध्ये तितक्या तारा घातल्याच पाहिजेत, असे मानक म्हणत नाही. फोनबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलींत वीज आणि यूएसबी २.० एवढ्यापुरत्याच तारा असतात. वेगवान जोड्या नसतातच. त्यामुळे केबल पातळ, लवचिक आणि स्वस्त होते. फोन चार्ज करायला ती उत्तम आहे. तिच्यात खोट काहीच नाही, आपण तिच्याकडून भलते काम मागतो एवढेच.

चित्राला किती मोठी वाट लागते?

थोडा हिशेब करू. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. असे पूर्ण चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे. गुणाकार केला तर दर सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट होतात. यालाच ३ जीबीपीएस म्हणतात. यूएसबी २.० ची वाट ४८ कोटी बिटांची, म्हणजे ४८० एमबीपीएसची. चित्राला लागणारी वाट तिच्या सहापटींहून मोठी! फोर-के पडद्यावर ठिपके याच्या चौपट, म्हणून वाटही चौपट, सुमारे १२ जीबीपीएस.

म्हणून टाइप-सीमधून चित्र पाठवताना त्या चार वेगवान जोड्या वापरल्या जातात. केबलमध्ये त्या नसतील तर पडदा काळाच राहणार. आणि केबलमध्ये असूनही लॅपटॉपच्या पोर्टामागे चित्र पाठवण्याची सोय नसेल, तरीही काळाच राहणार. भाचीच्या बाबतीत दोन्ही अडचणी एकदम होत्या. म्हणून नुसती केबल बदलली असती किंवा नुसते पोर्ट बदलले असते, तर उपयोग झाला नसता आणि दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे वाटले असते.

खुणा वाचायला शिकू या

पोर्टाशेजारच्या बारीक खुणा आपण सहसा पाहत नाही. त्या अशा वाचाव्यात :

• डीच्या पोटात पी : हे डिस्प्लेपोर्ट. या टाइप-सी पोर्टातून मॉनिटरला चित्र जाते.

• बाणासारखी वीज : हे थंडरबोल्ट. चित्र, वेगवान माहिती आणि बहुधा चार्जिंगही यातून होते.

• प्लगची किंवा बॅटरीची खूण : या पोर्टातून लॅपटॉप चार्ज होतो.

• दोन एस : वेगवान यूएसबी. बाजूला ५, १० किंवा २० असा आकडा असेल तर तो जीबीपीएसमधला वेग.

• काहीच खूण नाही : लॅपटॉपचे मॉडेल पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे. खूण नसली म्हणजे सोय नाहीच, असे नव्हे.

जुन्या, रुंद यूएसबी पोर्टाची आतली पट्टी निळी असेल तर ते बहुधा यूएसबी ३ असते. त्यात चाराऐवजी नऊ संपर्क असतात. निळा रंग मात्र बंधनकारक नाही, म्हणून त्यावर पूर्ण विसंबू नये.

नावांनी ग्राहकाचा गोंधळ आणखी वाढवला, हेही खरे. २००८ साली आलेले यूएसबी ३.० पुढे ३.१ जनरेशन १ झाले आणि नंतर ३.२ जनरेशन १. तिन्ही नावांचा वेग तोच, ५ जीबीपीएस. हा घोळ लक्षात आल्यावर यूएसबीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने अलीकडे सरळ आकडेच छापायला सुरुवात केली. वेगासाठी २०, ४० किंवा ८० जीबीपीएस आणि विजेसाठी ६० किंवा २४० वॅट. केबल घेताना नावापेक्षा हे दोन आकडे पाहावेत.

थंडरबोल्ट म्हणजे काय?

इंटेलने २००९ मध्ये प्रकाशाच्या तंतूवरून संगणकाला साधने जोडण्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. २०११ मध्ये ते थंडरबोल्ट या नावाने बाजारात आले, पण तांब्याच्या तारेवर, १० जीबीपीएस वेगाने. २०१५ च्या थंडरबोल्ट ३ ने टाइप-सीचेच तोंड घेतले आणि वेग ४० वर नेला. २०१९ मध्ये इंटेलने हे तंत्र यूएसबीच्या संस्थेला खुले केले आणि त्यावरून यूएसबी ४ तयार झाले. २०२३ मध्ये जाहीर झालेले थंडरबोल्ट ५ दोन्ही दिशांना ८० जीबीपीएसपर्यंत जाते.

इतक्या वेगाने तांब्याच्या तारेत संकेत लवकर क्षीण होतो. म्हणून ४० जीबीपीएसची साधी केबल हातभरच असते. त्याहून लांब हवी असेल तर तिच्या टोकांत संकेताला बळ देणाऱ्या चिप बसवाव्या लागतात आणि किंमत वाढते. चार-पाच मीटर लांब, अगदी स्वस्त आणि वर "४० जीबीपीएस" असे छापलेली केबल कोणी पुढे केली, तर दोनदा विचार करावा.

सर्वसाधारण घराला थंडरबोल्टची गरज नसते. व्हिडिओचे संकलन करणारे किंवा मोठी डिझाइन हाताळणारे यांना ते उपयोगी. भाचीच्या कामाला तर १० जीबीपीएसची, चित्र नेणारी, एक मीटरची केबल पुरली.

याच महामार्गावरची मोठी जोडणी

जोडणीचे महत्त्व पुणे जिल्ह्याला नवे नाही. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांशी जोडून काम वाटून द्यायचे, ही त्यामागची युक्ती. त्यासाठी वापरलेल्या ट्रान्सप्युटर चिपमध्येच शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार वाटा असत आणि प्रत्येक वाटेचा वेग २० एमबीपीएसपर्यंत होता. आज दुकानात टांगलेली थंडरबोल्टची केबल त्याच्या दोन हजार पट माहिती नेते. पण वेग किती, यापेक्षा जोडणी नेमकी कुणाची कुणाशी, हा प्रश्न तेव्हाही मोलाचा होता आणि आजही आहे.

कुरुळीवरून जाणाऱ्या याच महामार्गाने पुढे गेले की नारायणगाव लागते. त्याच्याजवळ खोडद येथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना लांब पसरलेल्या. दोन टोकांतले अंतर सुमारे २५ किलोमीटर. या तबकड्यांनी टिपलेले आकाशातले अत्यंत क्षीण संकेत प्रकाशीय तंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथील संगणक ते एकत्र जुळवतात. तबकडी कितीही मोठी असली तरी तिचा तंतू निकामी झाला तर ती जागच्या जागी मुकी. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण केलेल्या परम रुद्र महासंगणकांपैकी एक पुण्यात याच दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. जी गोष्ट खोडदच्या तीस तबकड्यांना, तीच आपल्या घरातल्या एका मॉनिटरला लागू आहे.

वीज जाते, तेव्हा जोखीमही जाते

चित्र आले नाही तर वेळ जातो. विजेत गफलत झाली तर वस्तूच जाते. म्हणून हा भाग नीट वाचावा.

टाइप-सीच्या साध्या केबलमधून ३ अँपिअरपर्यंत प्रवाह नेता येतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून अधिक, ५ अँपिअर न्यायचे असतील तर केबलच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप असावीच लागते. चार्जर आणि लॅपटॉप आधी त्या चिपला विचारतात की, तुझी ताकद किती? मगच प्रवाह वाढवतात. २०२१ च्या नियमांनुसार अशी वीज २४० वॅटपर्यंत जाऊ शकते.

केबल बनवणाऱ्याने कसर केली तर काय होते, हे गूगलचे अभियंता बेन्सन लियुंग यांनी जगाला दाखवले. त्यांनी २०१५ पासून बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. कित्येकांत आतला रोधक चुकीच्या मूल्याचा निघाला. तो चुकला की फोन गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आणि समोरचे पोर्ट किंवा चार्जर तापतो. २०१६ मध्ये तर एका केबलमध्ये विजेच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि तपासताना त्यांचा स्वतःचा लॅपटॉप बिघडला. जाणत्या अभियंत्याची ही गत, तर आपण सावध राहिलेलेच बरे.

आपल्याकडे संगणकासाठीच्या चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर ब्यूरोची खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या "बीआयएस केअर" या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकून खरा-खोटा तपासता येतो. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने टाइप-सीचे भारतीय मानकही प्रसिद्ध केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब यांसारख्या वस्तूंना टाइप-सी बंधनकारक केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. म्हणजे हे तोंड आता घरोघरी येणार. तोंड एक होईल, पण आतल्या तारा ओळखण्याची जबाबदारी आपल्यावरच राहील.

फोटो, हार्ड डिस्क आणि संयम

लग्नाचे किंवा अम्मी-अब्बांचे जुने फोटो आणि व्हिडिओ मिळून पन्नास जीबी झाले, असे समजा. यूएसबी २.० च्या वाटेने ते उतरवायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. वेगवान एसएसडी आणि ५ जीबीपीएसची केबल असेल तर दोन-अडीच मिनिटे. पण जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर तिचा स्वतःचा वेगच सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी. तिला महागडी केबल लावून ती पळणार नाही. साखळीतली सर्वांत संथ कडी जितकी, तितकाच एकूण वेग. म्हणून खर्च करण्यापूर्वी ती कडी कोणती, ते शोधावे.

आणि वेग कितीही असो, काम संपल्यावर संगणकाला "सुरक्षितपणे काढा" असे सांगूनच डिस्क काढावी. फाइल लिहिली जात असताना ओढून काढलेली केबल फोटो कायमचे घालवू शकते.

दुरुस्तीला नेण्यापूर्वी

जावयांच्या सांगण्यावरून आणि आमच्या वाचनातून ही छोटी यादी केली आहे. फ्रिजवर लावून ठेवायला हरकत नाही.

१. त्याच पोर्टातून चार्जिंग होते का, पेनड्राइव्ह चालतो का, हे पाहा. यांतले एक जरी होत असेल तर पोर्ट पूर्णपणे मेलेले नाही.

२. दुसरे पोर्ट वापरून पाहा. खुणा वाचा.

३. केबल बदला. शक्यतो त्या कामासाठी चालते आहे अशी खात्री असलेली, कुणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा.

४. मॉनिटरच्या बटणांवरून योग्य इनपुट निवडले आहे का, ते पाहा. केबल टाइप-सीला आणि मॉनिटर एचडीएमआयवर ठेवलेला, असे पुष्कळदा घडते.

५. मध्ये हब किंवा जोड असेल तर तो काढून थेट जोडून पाहा. एका हबला लावलेली सारी साधने एकाच वाटेत वाटा मागतात.

६. जोड घेताना दिशा विचारा. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा जोड उलट दिशेने चालत नाही.

७. टीव्ही फोर-केचा असेल तर एचडीएमआय केबलवर "प्रीमियम हाय स्पीड" म्हणजे १८ जीबीपीएस किंवा "अल्ट्रा हाय स्पीड" म्हणजे ४८ जीबीपीएस, हे शब्द पाहा. फुल एचडीला घरातली साधी एचडीएमआय केबल पुरते.

८. केबलचे पक्के बिल घ्या. वर छापलेले काम ती करत नसेल तर परत करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

एवढे करूनही चालले नाही, तर मात्र खुशाल दुरुस्तीला न्या. पोर्ट खरोखरही बिघडतात. धूळ बसते, टाका सुटतो, कुणी केबलसकट लॅपटॉप पाडतो. प्रत्येक दुरुस्तीवाला खोटेच बोलतो, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कदाचित त्या माणसानेही फोनच्याच केबलने तपासून पाहिले असेल. आपण आधी वरील गोष्टी पाहिल्या असतील, तर त्याला नेमके सांगता येते की, ही केबल दुसरीकडे चालते, या पोर्टावर चित्राची खूण आहे, तरी चित्र येत नाही. मग त्याचेही काम सोपे होते आणि आपला खिसाही वाचतो.

चिठ्ठ्या

त्या संध्याकाळी निघताना आम्ही पाहिले, भाचीने घरातल्या सगळ्या केबली ओट्यावर मांडल्या होत्या. सात निघाल्या. बाळाच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने छोट्या चिठ्ठ्या केल्या आणि चिकटपट्टीने एकेका केबलला लावल्या. "फक्त चार्जिंग." "फोन आणि पेनड्राइव्ह." मागून आणलेलीवर "परत द्यायची." दुसऱ्या दिवशी जावयांनी नवी आणली, तेव्हा तिच्यावर चिठ्ठी लागली, "मॉनिटर. हात लावू नये."

उरलेल्या चार दिवसांत, बाळ झोपले की रात्री बसून तिने सहाही ड्रॉइंग पुरी केली. एका पडद्यावर मॉडेल, दुसऱ्यावर कागद. वर्कशॉपवाल्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती करून दिल्यावर पुढच्या महिन्याचे काम पाठवले.

परवा फोनवर आम्ही विचारले, "बेटा, कानातले कुठे आहेत?"

"कानातच आहेत, मामू," ती म्हणाली. "आणि शेजारच्या आपांचा टीव्ही लागत नव्हता ना, त्यांना म्हटलं, आधी केबल घेऊन या."